समोरच्याच्या हातात काय आहे

३ एप्रिल, सकाळ
आजपासून पोकर गांभीर्याने. नशिबावर खेळणं बंद. मोबाइलवर एका टोपीवाल्या चॅम्पियनचे धडे पाहिले. तो म्हणतो, समोरच्याची दोन पानं नेमकी ओळखायला जाऊ नका. कोणकोणती असू शकतात ते सगळं मनात धरा, आणि तो जसा खेळेल तशी एकेक शक्यता बाद करत चला. याला रेंज म्हणतात. मला हे येतच होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतोय. नजर हाच माझा धंदा.

३ एप्रिल, दुपार
दुकानात आम्ही चौघं, आणि मे महिन्यात एका वेळी एकालाच सुट्टी. भांडणांना कंटाळून मालक म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. तेव्हापासून दर वर्षी मागच्या खोलीत पोकर. पैसे नाहीत. जुन्या चष्म्यांचे नाकावरचे रबर लावतो. जिंकेल त्याला हवा तो आठवडा.
मला पहिलाच हवाय. लेकीला तेव्हाच रजा आहे, आणि हिला लेकीचं नवं घर बघायचंय. दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतो. यंदा शब्द दिला, दोघं मिळून जाऊ. ही म्हणाली, बरं.
'बरं'ची रेंज: आनंद, अति आनंद, आनंदाने वाचा बसणे.

५ एप्रिल
हिने विचारलं, मी एकटी गेले तर चालेल का. चेहरा नीट वाचला. परीक्षा घेतेय. मी म्हटलं, तुला म्हणायचंय की माझ्याशिवाय तुला करमणार नाही. ती भाजी चिरत राहिली. अंदाज बरोबर.

८ एप्रिल
सरावाचा डाव. हातात काडीचं काही नव्हतं. चेहरा दगडासारखा ठेवला, शांतपणे चष्मा काढून पुसला आणि सगळे रबर पुढे सरकवले. तिघांनी घाबरून पानं टाकली, डाव माझा. काचा घासणारे आप्पा, फ्रेम विकणारा हिरो आणि गल्ल्यावरच्या बाई, तिघंही माझ्यापुढे बच्चे आहेत.

११ एप्रिल
हिने विचारलं, नळ गळतोय, प्लंबरला फोन केलात का. म्हटलं, उचलत नाही. (केला नव्हता. उद्या नक्की.) मी चष्मा पुसत होतो. ती बघून हसली. हसण्याची रेंज: निव्वळ प्रेम.

१५ एप्रिल
ही चष्म्याचा स्क्रू बसवायला दुकानात आली. स्क्रूला दोन मिनिटं, गल्ल्यावरच्या बाईंशी गप्पा अर्धा तास. मध्येच दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझं कौतुक चाललं असणार. उगाच काचा मांडत बसलो, म्हणजे त्यांना संकोच नको.

१९ एप्रिल
सराव. हातात पानं नसताना मारलेली प्रत्येक थाप पकडली गेली. आप्पांनीही पकडली, ज्यांना स्वतःची पानं धड दिसत नाहीत. योगायोग. शिवाय पंख्याचा वारा डोळ्यांवर येत होता. उद्यापासून जागा बदलणार.

२४ एप्रिल
हिने बॅग भरली. फक्त तिचे कपडे. माझे शेवटी भरणार, म्हणजे इस्त्री मोडणार नाही. किती विचार करते!

२६ एप्रिल, संध्याकाळ
शेवटी उरलो मी आणि बाई. मी त्यांची रेंज काढली. एक्का? नाही, एक्का असता तर बाईंनी पदर सावरला असता. बदामाची पानं? नाही. उरली नव्व्यांची जोडी. आणि नव्व्यांवर कुणी सुट्टी पणाला लावत नाही. माझ्या हातात शून्य. सगळे रबर पुढे.
चष्मा पुसून व्हायच्या आत बाई म्हणाल्या, बघते, आणि तेवढेच रबर पुढे केले.
नव्व्यांचीच जोडी होती. अंदाज अचूक निघाला, हे नमूद करतो. हरलो ही वेगळी गोष्ट.
पहिला आठवडा बाईंनी घेतला. मग त्यांनाच राहवेना. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका. थाप मारताना तुम्ही चष्मा पुसता. वहिनींनीच सांगितलं. हरवा म्हणाल्या."
केसाने गळा कापला. आणि कुणी, तर सख्ख्या बायकोने!

२६ एप्रिल, नंतर
जाब विचारला. म्हटलं, मी तुझ्यासाठी लढत होतो, आणि तू शत्रूला फितूर? नको होतो तर सरळ सांगायचं. म्हणाली, सांगितलं होतं, पण माझ्या बोलण्याचा अर्थ तुम्हीच मला समजावून दिलात.
मग बॅगेची चेन लावता लावता म्हणाली, "लेक विचारते, आई कशी आहेस, आणि उत्तर तुम्ही देता. एकदा तरी माझ्या तोंडाने सांगू द्या."
रेंज काढायला बसलो. एकच शक्यता उरली. ती इथे लिहीत नाही.

२ मे
ही काल गेली. पोचल्याचा फोन लेकीने केला. मागून हिचं हसणं ऐकू येत होतं. कशाला, ते कळलं नाही.
बाई सुट्टीवर, म्हणून गल्लाही माझ्याच गळ्यात. घरी आलो तर दारात प्लंबर. जाण्याआधी हिने स्वतः बोलावून ठेवला होता.
नळ दुरुस्त करता करता त्याने विचारलं, ताई नाहीत का. म्हटलं, मीच पाठवलं तिला. मलाच जरा निवांतपणा हवा होता. मजेत आहे.
त्याने पान्यावरची नजर वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.
"साहेब," तो म्हणाला, "किती पुसाल? काच झिजेल."