शिवणाऱ्याचं नाव

१५ जानेवारी २०१९

संक्रांत. स्वरदाने तिळगूळ दिला आणि लगेच कामाला लावलं.

लेकीचं गोधड्यांचं ऑनलाइन दुकान आहे. गोधड्या करमाडच्या चतुराबाई शिवतात. स्वरदा फोटो काढते, पार्सल करते. प्रत्येक गोधडीच्या फोटोखाली चार ओळी लिहाव्या लागतात, त्यासाठी तिला वेळ नाही. "बाबा, तुम्ही चौतीस वर्षं सरकारी खात्यात मसुदेच तर लिहिलेत. आणि आता रिकामेच आहात."

रिकामाच आहे! निवृत्तीला सात महिने झाले.

पहिला मसुदा दिला — "सदर गोधडी सुती कापडाची असून तिची लांबी सात फूट व रुंदी पाच फूट आहे. वापरण्यापूर्वी झटकून घ्यावी."

स्वरदाने दोनदा वाचला. "बाबा, ही गोधडी आहे. नोटीस नाही."

१९ जानेवारी

'सदर' काढला. तरी खपली नाही.

२३ जानेवारी

शिकवणी. मास्तरीण स्वरदा. "गोधडी क्रमांक ७" हे नाव चालत नाही — रंग, कापड, कुणासाठी, सगळं नावातच आलं पाहिजे. लोक जे शब्द टाकून शोधतात तेच शब्द. फोटो सकाळच्या उन्हात, गच्चीवर. एक घडीचा, एक पसरलेला, एक टाक्याचा अगदी जवळून. वजन लिहायचं. धुवायची कशी ते लिहायचं. रंग फोटोपेक्षा जरा वेगळा दिसेल हेही लिहायचं, नाहीतर परत येते.

एवढं समजलं. शेवटी म्हणाली, "आणि वाचून माणसाला काहीतरी वाटलं पाहिजे."

काय वाटलं पाहिजे ते सांगितलं नाही.

"झोप आल्यासारखं वाटावं," उमा स्वयंपाकघरातून म्हणाली. तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोचं मत नेहमी स्वयंपाकघरातूनच आलेलं आहे.

२ फेब्रुवारी

काल रागारागाने लिहिलं — "करमाडच्या चतुराबाई आजी अंगणातल्या कोवळ्या उन्हात बसतात, ओवी गुणगुणत एकेक टाका घालतात. त्या टाक्यात त्यांची माया उतरते."

चतुराबाईंना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांना अंगण आहे की नाही ठाऊक नाही.

एका दिवसात सहा गोधड्या गेल्या! स्वरदा घरभर नाचली. मला जरा कसंतरीच झालं. कुणाला बोललो नाही. इथं बोलतोय.

१७ फेब्रुवारी

नळाला पाणी. सहाव्या दिवशी. सगळ्या बादल्या, पातेली, दोन कळश्या भरल्या.

"गोधडी धुवून पाठवली जाते" असं वर्णनात होतं. कशाने धुणार? ते खोडून "वापरण्याआधी धुवून घ्यावी" केलं. एक खोटं कमी.

५ मार्च

पुण्याच्या कुणी मनस्विनी नावाच्या बाई आहेत. त्यांचा अभिप्राय — "आजींचे थकलेले हात डोळ्यांपुढे उभे राहिले. या वयात इतका सरळ टाका! रडू आलं." पाचपैकी पाच चांदण्या.

स्वरदाने तो अभिप्राय सगळीकडे लावला. आता तिला थकलेल्या हातांचा फोटो हवा आहे. तिला पार्सलं आहेत, म्हणून मी जायचं. "फक्त हात, बाबा. आणि उजेड बघा."

७ मार्च

करमाडला जाऊन आलो. जालन्याची एसटी. शेंद्र्यापर्यंत दोन्ही बाजूंना कंपन्या आणि नव्या प्लॉटिंगच्या पाट्या. त्यापुढे मोसंबीच्या बागा वाळून उभ्या. काही ठिकाणी झाडं तोडून सरपणाचे ढीग लावलेत. गावात टँकर आलेला, त्यामुळे पत्ता सांगायला कुणाला सवड नव्हती.

अंगण नाही. रस्त्याला लागून ओटा, आत दोन खोल्या. चतुराबाई साठीच्या असतील. आजी म्हणावं अशा अजिबात नाहीत. "या भाऊ," म्हणाल्या, आणि हात जोडले ते माझ्या जरा डावीकडे.

चहा झाला. मी म्हटलं, हातांचा फोटो हवाय, चार टाके घाला. त्यांनी गोधडीची कड चाचपली. मग सुई घेतली. दोरा ओवायला लागल्या. एकदा, दोनदा, पाचदा. दोरा सुईच्या बाजूने जात होता. मी मोबाइल धरून उभा. खाली ठेवावा की नाही, समजेना.

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. ते उघडून मुलगा बाहेर आला — सोमनाथ, पस्तिशीचा. "आई, दे." खाली बसला, सुई ओवली आणि वीतभर शिवून दाखवलं. पट्टीनं आखावं तसं!

"दिवाळीपासून दिसत नाय मला," चतुराबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू हाय. तवापासून सगळ्या गोधड्या सोमाच शिवायलाय. कापड, थर, कड मीच शिकवलं, अन् हात फिरवून तपासते."

म्हणजे मी लिहायला लागलो त्याआधीपासून. माया वगैरे सगळी सोमनाथची.

दहा वर्षं हा शेंद्र्याच्या एका कंपनीत गाड्यांची सीट-कव्हरं शिवायचा. दिवाळीत कंत्राट संपलं. शेतात पाणी नाही, म्हणजे शेतही नाही. मी विचारलं, दार लावून कशाला शिवता?

तो दोरा तोडू लागला. आई बोलली. "कंपनीत शिवलं की कामगार. घरी शिवलं की बाईमाणूस. गावात असंच म्हणतेत, भाऊ."

"साहेब," सोमनाथ म्हणाला, "तुमी काय पाह्यलं नाय. बरं का?"

हो म्हणालो. फोटो न काढता आलो.

८ मार्च

स्वरदाला सांगितलं. सांगायचं नाही असं कबूल केलं होतं, पण दुकान तिचं आहे. तिने हातातलं पार्सल चिकटवून पूर्ण केलं. मग म्हणाली, "असू दे की. बदलू नका."

"शिवणारा वेगळाच आहे!"

"लोक गोधडी घेत नाहीत बाबा, आजीला घेतात. सोमनाथला कोण घेणार?"

मी म्हटलं, लोकांना फसवतोय आपण. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो — "ते घर या गोधड्यांवर चाललंय. मला ते चालू ठेवायचंय. तुम्हाला फक्त तुमचं वाक्य खरं करायचंय."



९ मार्च

तिला द्यायच्या उत्तराचे तीन मसुदे केले, तिन्ही फाडले.

१२ मार्च

चौतीस वर्षं मी लिहिलं आणि सही दुसऱ्याची झाली. शेकडो कागद. एकावरही माझं, वैजनाथ हे नाव नाही. त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. मग सोमनाथचं का वाटावं?

उमाला विचारलं. या वेळी ती बाहेर येऊन बसली. म्हणाली, "अहो, त्याला विचारलंत का, त्याला काय वाटतं?"

१३ मार्च

सोमनाथला फोन केला. म्हटलं, दोन गोष्टी करता येतील. तुझं नाव लिहू, नाहीतर कुणाचंच नको. आईंचं मात्र मला आता लिहवत नाही.

"नाव? अन् मोबाईल तर गावात सगळ्याकडंच हाय, साहेब, समद्यांना दिसंल."

"मग कुणाचंच नको."

"आईचं नाव काढलं तर तिला काय सांगू? तेवढ्या नावावर ती उभी हाय. पुण्याच्या बाईचं पत्र रोज वाचून घेती माझ्याकडून."

मग आवाज चढला. "मी शिवणंच सोडतो. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा!"

फोन ठेवला. त्याने.

१६ मार्च

करमाडहून आज चार गोधड्या यायच्या होत्या. आल्या नाहीत. स्वरदा माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठ मागायला आईमार्फत निरोप.

२१ मार्च

धुळवड. कोरडी. दुकानात दोन गोधड्या शिल्लक. मी एक वाक्य खरं करायला निघालो आणि एक घर थांबवलं. स्वरदा म्हणाली तसंच झालं.

२४ मार्च

सकाळी बसून नवं वर्णन लिहिलं. दुकानात टाकलं नाही. फक्त सोमनाथच्या फोनवर पाठवलं, आणि खाली लिहिलं की चुकलं असेल तर खोड, नको असेल तर सगळंच खोड.

"सुती गोधडी, निळी-तांबडी, सात बाय पाच, वजन अडीच किलो. जड आहे. हलकी हवी असेल तर ही घेऊ नये. शिवणारे दहा वर्षं गाड्यांची सीट-कव्हरं शिवत होते. ते काम गेलं. आईला दिसेनासं झालं, तेव्हा तिची सुई त्यांनी घेतली. कापड निवडणं, थर लावणं, कड दुमडणं आईने शिकवलं आणि अजून ती हात फिरवून प्रत्येक गोधडी तपासते. तिला पसंत नसेल तर उसवावी लागते. टाका सरळ आहे, कारण तो सरळ घालता येतो."

उसवायचं मात्र मी कल्पनेनं लिहिलं. सवय जात नाही.

२५ मार्च

दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचलंय. उत्तर नाही.

२८ मार्च

स्वरदाने माझा फोन उचलून ते वर्णन वाचलं. मी बघत होतो. फोन खाली ठेवून म्हणाली, "बाबा, हे विकलं गेलं नसतं." थोड्या वेळाने — "मी घेतली असती."

मीठ स्वतः मागितलं.

३१ मार्च

सकाळी सोमनाथचा मेसेज. "काका, आईला वाचून दावलं. उसवायचं खरं हाय, दोनदा उसवली. नाव पूर्ण टाका — सोमनाथ पुंजाराम. फोटो आईनं काढलाय."

फोटोत निम्मा सोमनाथ आहे, निम्मा रस्ता. ओट्यावर बसून शिवतोय. रस्त्यावर चार माणसं थांबून बघतायत.

हाच टाकला.