अण्णांच्या कॅसेटींवर गाणी टाकू नयेत

मी, चेतन भीमराव ओव्हाळ, वय चोवीस, शिक्षण नववी नापास, राहणार धायरी, पुणे, सध्या मुक्काम दोह्याजवळचा कामगार कॅम्प, हे मृत्युपत्र धडधाकट असताना, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहितो. पुढच्या आठवड्यापासून समुद्रातल्या तेलविहिरीवर परांची बांधायला जायचंय. तिथे उंची आहे, वारा आहे, आणि माझा पाय एका जागी ठरत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधीच लिहून ठेवलेलं बरं.

१. धायरीतल्या दोन खोल्यांत माझा जो वारसाहिस्सा निघेल तो आई राधा हिला. ती म्हणेल, मला काय करायचाय. तरी तिलाच.

२. मोटरसायकल मामेभाऊ सलिलला. ती ढकलल्याशिवाय चालू होत नाही हे त्याला सांगायला नको. ढकलायला तोच असायचा.

३. आता मुख्य मिळकत, म्हणजे अण्णांच्या कॅसेटी. अण्णा, माझे वडील, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चौऱ्याण्णव साली आखातातून परतलेल्या एका माणसाकडून त्यांनी खांद्यावर ठेवायचा व्हिडिओ कॅमेरा घेतला. लग्नं त्यांनी कधी काढली नाहीत. आई भाकरी थापताना काढली, ताई सायकल शिकताना काढली, चौदा एप्रिलची तयारी काढली, धायरीच्या शेतांत इमारती उठताना काढल्या. प्रत्येक कॅसेट सुरू करताना जयभीम म्हणून वार, तारीख, जागा सांगायचे आणि मग शेवटपर्यंत समोरच्याशी बोलत राहायचे. एवढा धीराचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण कॅमेरा कायम त्यांच्याच खांद्यावर, त्यामुळे ते स्वतः एकाही कॅसेटीत दिसत नाहीत. दोन हजार एकला ते गेले. मागे राहिला तो फक्त आवाज.

४. माझे दाजी अनिरुद्ध यांनी, मन चांगलं म्हणूनच, आईला न सांगता काही कॅसेटींच्या व्हीसीडी करून आणल्या. दुकानदाराने लग्नाच्या कॅसेटीला करतात तेच केलं. बोलणं पुसून वर सिनेमाची गाणी चढवली आणि रिकामी वाटली ती दृश्यं कापली. आईने पहिली लावली. पडद्यावर ती भाकरी थापता थापता कोणाला तरी उत्तर देत होती, आणि प्रश्नाच्या जागी सनई. आई एवढंच म्हणाली, "ह्यांचं कुठे गेलं?"

त्या सर्व व्हीसीडी मी दाजींना देतो. त्यांना आवडल्या होत्या.

५. मूळ कॅसेटी दाजी भंगारात देणार होते. माझी बहीण आम्रपाली, म्हणजे ताई, हिने त्या पोत्यातून बाहेर काढल्या आणि हिंजवडीच्या नोकरीला दांडी मारून दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गाण्यांशिवाय बघणार कोण?"

ताई म्हणाली, "गाणी आमच्याकडे रेडिओवर लागतात. वडील लागत नाहीत."

मग कशात साठवायचं हा प्रश्न आला. मी फोनवर म्हटलं, डीव्हीडी कर आणि मोकळी हो. ती म्हणाली, घरी भरलेली डीव्हीडी एका ओरखड्याने अडते, काही वर्षांनी तशीही जाते, आणि तिच्यात बसवायला चित्र दाबावं लागतं. तिने ठरवलं ते असं: कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत, न कापता, संगणकात उतरवायची, फाइल कितीही जड होवो. ती दोन हार्ड डिस्कवर ठेवायची, एक वाघोलीला तिच्या घरी, एक धायरीला. डीव्हीडी फक्त बघण्यापुरती. आणि कॅसेट फेकायची नाही. कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ समोर बसावं लागतं, घाई चालत नाही. ताई रविवार मोडून बसते. मला हे जन्मात जमलं नसतं. अण्णांचा धीर सगळा तिच्याकडे गेला, वाटणी करायला काही उरलंच नाही.

६. कॅसेटींना आता पांढरी बुरशी धरतेय आणि चालू प्लेअर मिळेनासे झालेत. म्हणून माझी बँकेतली शिल्लक आणि कंपनीकडून येईल ते, आईच्या औषधपाण्याचं आधी बाजूला काढून, उरलेल्या कॅसेटी उतरवायला वापरावं. डिस्क जुनी झाली की नवीवर उतरवून घ्यावं. या कामात ताईचा शब्द शेवटचा. दाजींनी चहा घ्यावा.

७. पंच्याण्णवच्या एका कॅसेटीत मी आहे. माझा वाढदिवस म्हणून अण्णांनी मला दारात उभं केलं आणि मी पळालो. पुढे बराच वेळ नुसतं उघडं दार दिसतं. दुकानदाराने कापलं ते हेच. मूळ कॅसेटीत आई म्हणते, "अहो, बंद करा, कॅसेट वाया चाललीय."

अण्णा म्हणतात, "येईल तो. चालू राहू दे."

हे दार पूर्ण ठेवावं, एक क्षणही कापू नये. माझं काही बरंवाईट झालं तर पुण्यानुमोदनाला लोक जमतील तेव्हा एवढंच लावावं, आवाज मोठा करून.

सही: चेतन भीमराव ओव्हाळ
मुक्काम दोहा, दिनांक ३ नोव्हेंबर २००६

साक्षीदार:
१. रतन शेलार, वेल्डर, मूळ राहणार वाघोली
२. माधव कांबळे, क्रेन चालक, मूळ राहणार पुणे

चेतनने आम्हा दोघांसमोर सही केली. तो शुद्धीत होता. सातवं कलम लिहिताना मात्र, कधी नव्हे ते, खाली बसला होता.