चौकटीचा मान

कोहमारा,
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. गोवर्धनदादास,
शामकलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहोत, निदान परवापर्यंत होतो. तुझे कान कसे आहेत? फोनच करणार होते, पण तुला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडलं की दोन्ही गावांना बातमी कळते, आणि ही बातमी तशी नाही. म्हणून पत्र. पुढचं वाचण्याआधी खाली बस.

मागच्या भिंतीचं तुला सांगितलंच होतं. घुशींनी ती पायापासून पोखरली होती, म्हणून धान विकल्यावर ह्यांनी ती पाडली आणि तिथे विटांची खोली काढायचं ठरवलं. पाडायला वेळ लागला नाही, पण मिस्त्री काही मिळेना. चांगले गवंडी सगळे हैदराबादेकडे गेलेले. टेकचंद मिस्त्रीने शब्द दिला, सुतळी बांधून गेला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. मागच्या बाजूला जुन्या साडीचा पडदा लावून, कुत्री हाकलत मी स्वयंपाक करत होते. शेवटी सिमेंटवाला दुर्गाप्रसाद म्हणाला, शेजारच्या गावात शाळेच्या कामावर नागपूरचे मिस्त्री आले आहेत, त्यातला एक पाठवतो.

परवा सकाळी दारात स्कूटी थांबली. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक पोरगी उतरली. मला वाटलं विटा वाहणारी रेजा पुढे आली आणि मिस्त्री मागून येतो आहे. मी तिला घमेली दाखवली आणि मिस्त्री कुठे राहिला म्हणून विचारलं. तिने स्कार्फ सोडला. दादा, ती आपली चेतना होती. तुझी पोरगी. हातात थापी, खांद्यावरच्या पिशवीतून ओळंब्याची दोरी लोंबते आहे. मी मटकन विटांच्या ढिगावर बसले. आणि ती काय म्हणाली माहीत आहे? “आत्या, अशी काऊन पाहून राहिली? विटा भिजवल्या का?”

भाऊबीजेला तूच सांगत होतास ना, की पोरगी नागपुरात इंजिनियरच्या ऑफिसात बसते, वर एसी आहे, खाली फिरती खुर्ची आहे? ती खुर्ची मी इथे घरोघर सांगून आले आहे. आता ती माझ्या अंगणात सिमेंट कालवून घेते आणि ही माझी भाची असं मी गल्लीत कोणाला सांगितलेलं नाही. शेजारची सुशिलाबाई सारखी कुंपणावरून डोकावते आणि मी विषय बदलते.

तुला हे माहीत होतं का? वहिनींना जपून सांग, त्यांना एकदम सोसणार नाही.

उत्तरात रागावलास तरी चालेल, पण आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी धाकटी बहीण,
शामकला


सालेकसा,
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. शामकलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू बसायला सांगितलं होतंस, मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसलो. आधी वाटलं, तुलाच मोतीबिंदू झाला असेल. एकसारख्या दिसणाऱ्या पोरी काय कमी असतात? मग तुझ्या सांगण्याप्रमाणे निर्मलाला जपून सांगायला गेलो. ती तांदूळ पाखडत होती. मी म्हणालो, आधी थोडं पाणी पी. तिने सूपही खाली ठेवलं नाही. म्हणाली, “मले मालूम आहे. दोन सालापासून.”

शामकला, पोरीच्या थापीपेक्षा हा धक्का मोठा होता. दर महिन्याला नागपूरला जाणाऱ्या पिशवीत ही खोबरेल तेलाची बाटली घालायची. इतकं तेल कशाला म्हणून विचारलं, तर पोरीचे केस कोरडे झाले म्हणायची. सिमेंटने बोटं फाटतात, त्यावर लावायला ते तेल होतं. मला ऐकू येत नाही हे मी मान्य केलं होतं. दिसतही नाही हे आता कळलं.

तिरोड्याचे पाहुणे सोळा फेब्रुवारीला पोरगी पाहायला येणार आहेत. त्यांना मी ऑफिस सांगितलं आहे. आपण मजूर लावणारी माणसं. आपल्या घरातल्या कोणी दुसऱ्याच्या भिंतीला हात लावलेला नाही. आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने बसू? तिला आजच्या आज काम बंद करायला सांग. घर तिला बंद नाही, बाप आहे मी. पण ती थापी घेऊन ती माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. हे शब्द तिला जसेच्या तसे सांग.

पाहुणे येणार म्हणून आमच्याही ओसरीला नवी चौकट बसवायची आहे. सुताराने सागवानाची चौकट कधीच करून दिली, ती भिंतीला टेकून उभी आहे. मिस्त्री मिळत नाही. तुला हसू आलं तर मला कळवू नकोस.

केशोरावांना नमस्कार. तुझ्यावाचून हे कोणाला लिहिणार, म्हणून माया ठेव.

गोवर्धन


कोहमारा,
३१ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
चेतनाचा सा. न. वि. वि.

आत्याने तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सांगताना तीच रडली, म्हणून उत्तर मी लिहिते आहे.

ती खुर्ची खोटी नव्हती. चार महिने मी तिच्यावर बसले. सिमेंटच्या गोण्या आल्या किती आणि गेल्या किती ते लिहायचं. खिडकीसमोर एक भिंत चढत होती, माझं सगळं लक्ष तिच्याकडे. बायकांना गवंडीकाम शिकवायचा वर्ग निघाला तेव्हा मी खुर्ची सोडली. माझी पहिली भिंत मध्येच पोट काढून बसली. शिकवणाऱ्या उस्तादांनी ती लाथेने पाडली आणि मी आईला फोन करून रडले. त्याच दिवशी तुम्हालाही सांगणार होते. तुम्ही फोन घेतलात आणि मोठ्या कौतुकाने विचारलंत, साहेबीण, खुर्ची कशी आहे? मी म्हणाले, बरी आहे. एकदा बरी म्हटल्यावर पुढे ते मोडवेना.

आत्याला वाटतं मी इथे चुकून आले. तसं नाही. दुर्गाप्रसादच्या दुकानात केशोराव फुफाजींचं नाव ऐकलं तेव्हा दुसरा मिस्त्री निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि स्वतः आले. मला लपवायचा कंटाळा आला होता, बाबा. दिवाळीला घरी आले की फाटलेली बोटं ओढणीखाली घेऊन बसायचं. आपल्या माणसांतल्या एकाने तरी मला काम करताना पाहावं असं वाटलं. आत्या निवडली, कारण ती आधी ओरडते आणि मग जेवायला वाढते.

काम मी बंद केलेलं नाही. पाच तारखेला आत्याच्या खोलीची चौकट बसवते आहे. आणि थापी बाहेर ठेवूनच घरात यायचं असेल, तर मी येणार नाही. तिरोड्याच्या पाहुण्यांना जी पोरगी दाखवायची आहे, ती माझ्याकडे नाही.

लोभ कमी झाला असेल तर मी समजू शकते. तेवढा तोडू नका.

आपली,
चेतना


कोहमारा,
७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
शामकलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही. चेतना रोज संध्याकाळी हात धुतल्यावर पोस्टमन आला होता का म्हणून विचारते आणि मी नाही म्हटलं की पुन्हा हात धुते.

परवा चौकट बसली. त्या दिवशी मिस्त्रीचा मान असतो, तुला सांगायला नको. घरधनी सगळ्यांसमोर त्याला कुंकू लावतो, नारळ आणि कापड देतो, मगच चौकट उभी होते. ह्यांनी सवयीने धोतर आणि दुपट्टा आणून ठेवला. गल्ली जमली. ह्यांचं कुंकवाचं बोट पुढे गेलं आणि मध्येच थांबलं. समोर घरचीच पोर, तिला मिस्त्री म्हणून कुंकू कसं लावायचं ते ह्यांना सुचेना. तेवढ्यात सुशिलाबाईने मोठ्याने विचारलं, ही पोरगी कोणाची? मी विषय बदलणारच होते रे. तोंडातून निघालं, माझ्या भावाची, गोवर्धनदादाची. सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि सर्वांत जास्त दचकले मीच. मग ह्यांनी कुंकू लावलं. चेतनाने दुपट्टा डोक्याला बांधला, धोतर माझ्या हातात दिलं आणि ओळंबा सोडला. चौकट इतकी सरळ बसली की सुशिलाबाई आता तिच्या न्हाणीघराचं विचारते आहे.

पण धक्का पुढेच आहे. संध्याकाळी दुर्गाप्रसाद म्हणाला, तुमच्या घरासमोरच्या चहाटपरीवर एक म्हातारा बराच वेळ कानामागे हात धरून उभा होता. गळ्यात तपकिरी मफलर. चहा घेतला, प्यायला नाही, देवरीच्या बसने निघून गेला. दादा, तो मफलर मी विणलेला आहे. बहिणीच्या दारापर्यंत येऊन तू घोटभर पाणी न पिता परत गेलास? मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रागाने का होईना, दोन ओळी लिही. त्याशिवाय माया पोचते आहे हे कसं कळणार?

शामकला


सालेकसा,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शामकलास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टाला उशीर होईल म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतो आहे.

टपरीवरचा तो मीच. पोरीला हाताला धरून घरी आणायचं ठरवून निघालो होतो. पोचलो तेव्हा ती एक डोळा मिटून ओळंबा पाहत होती आणि जिभेचं टोक दातांत धरलं होतं. लहानपणी आईची सुई ओवून द्यायची तेव्हा अगदी अशीच धरायची. मला रस्ता ओलांडता येईना. मग केशोरावांचं बोट थांबलं. ज्याला हे काम बंद पाडायचं होतं, तो मी तिथे उभा राहून मनात म्हणत होतो, लावा हो, मागे घेऊ नका. माझा मलाच धक्का बसला. आणि त्यांनी कुंकू लावलं तेव्हा इतका जळफळाट झाला की तिथे उभं राहवेना. माझ्या पोरीचा पहिला मान दुसऱ्याने केला आणि मी बाप असून रस्त्यापलीकडे. असं झाल्यावर तुझ्या घरचं पाणी घशाखाली कसं गेलं असतं?

काल तिरोड्याला फोन केला. अंगणात उभं राहून सांगितलं की पोरगी ऑफिसात बसत नाही, मिस्त्री आहे, भिंती बांधते. मला माझंच ऐकू येत नाही, तेव्हा किती ओरडलो ते विचारू नकोस. रस्त्याने जाणारा शालीकराम पोतं खांद्यावर तसंच ठेवून थांबला. निर्मला सुपासकट बाहेर आली. पलीकडून काहीच येईना, म्हणून फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, ते बोलतच नाहीत. मग कळवतो म्हणाले. कळवोत किंवा न कळवोत. फोनवर बोलायला मी आजवर घाबरत होतो, आता सगळ्या गावाने ऐकलं आहे आणि मला हलकं वाटतं आहे.

सोळा तारखेला पाहुणे आले तर चौकट बसताना पाहतील. नाही आले तरी तुम्ही दोघं या. कापड लुगडं द्यावं की दुपट्टा, यावर निर्मलाचं आणि माझं वाजलं, म्हणून दोन्ही आणले. कुंकू मी लावणार आहे. केशोराव या वेळी टपरीवर उभे राहिले तरी माझी हरकत नाही.

मागचे शब्द तिला जसेच्या तसे सांगितले होतेस, हेही तसेच सांग. थापी घेऊन ये. थापीवाचून आलीस तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

तुझा आणि आमच्या मिस्त्रीचा लोभ असू द्या. विटा मी स्वतः भिजवून ठेवतो.

तुझा दादा,
गोवर्धन