दोन गोलकीपर आणि एक मॅनेजर

नांदेड, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप सौदामिनीअक्कास,

धाकट्या रेणुकादासाचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तो आता घरातलाच म्हणायचा. तुझी कंबर कशी आहे? दाजींच्या दवाखान्यात डोळ्यांच्या रोग्यांची रीघ लागते असे ऐकून आनंद झाला (रोग वाढले म्हणून नव्हे).

गेल्या आदितवारी लातुरात येऊनही मी तुझ्या घरी आलो नाही, याचा तुला राग आला असणार. दाजी मॅचला होते, म्हणजे निम्मी हकिकत तुला कळली असेलच. उरलेली माझ्याकडून ऐक.

मी आमच्या फुटबॉल क्लबात सेंटर हाफ होतो, हे तुला ठाऊक आहे. पुढचे आणि मागचे यांच्या मधोमध धावायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, अशी ती जागा. गुडघा गेला तेव्हा मलप्पाने मला पाठीवर घालून मैदानातून थेट वैद्याच्या ओट्यावर नेले. मलप्पा म्हणजे आमचा गोलकीपर. कापसाच्या जिनिंगात हमाल, देगलूरकडचा, दार भरून उभा राहील असा गडी. पुढे क्लबाच्या सदरसाहेबांनी, म्हणजे अध्यक्षांनी, मला मॅनेजर केले. वाटले, आता खुर्चीत बसून नुसते ओरडायचे. पण पहिलाच हुकूम निघाला की मलप्पाला बाहेर बसवा आणि तहसिलीतला कारकून संगप्पा याला गोलात घ्या. हुकूम रास्त होता. हल्ली मलप्पा चेंडू सोडून हवेलाच मिठी मारत होता.

हे सांगायला मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, गुरम्मावहिनींनी, गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. ज्याच्या ताटात जेवलो त्याला तोंड पुसून वाईट कसे सांगावे? पुन्हा गेलो, पुन्हा जेवलो. अशा रीतीने मॅच उजाडली आणि माझे फक्त वजन वाढले.

लातुरात मैदानावर उतरलो तर आमच्या गोलात दोघेही उभे! रेफरी फौजेतला जमादार होता. तो कडाडला, “दो-दो गोलकीपर? मियां, ये मैदान है के मुसाफिरखाना?” मलप्पाने माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो (पायात चपला होत्या). तो बाहेर आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “सांगायचं की रं. मला दिसंना झालंय, पर कळतंय की.”

अक्का, त्यानंतरचा अर्धा खेळ मला दिसलाच नाही.

शेवटी शेवटी संगप्पा पाय घसरून पडला आणि चेंडू रिकाम्या गोलाकडे निघाला. मी खांबाजवळच होतो. माझा पाय आपोआप उठला. चेंडू एकीकडे गेला, चप्पल दुसरीकडे, म्हणजे पाहुण्यांच्या मांडवात, खुद्द तालुकदारसाहेबांच्या मांडीवर. शेजारी दाजी होते. रेफरीने मला मैदानाबाहेर काढले. भिंतीपलीकडे उभा असताना लातूरकरांचा एकच गिल्ला ऐकू आला, त्यावरून समजलो की आम्ही हरलो. अशा थोबाडाने तुझ्या दारी कसा येऊ?

परतीच्या मोटारीत मलप्पा माझ्याशेजारीच बसला. म्हणाला, “हरलो ते हरलो, पर तुझा पाय अजून लई चांगला हाय.” पुढे बोलला, “मला चेंडू दोन दिसाय लागलेत. त्यातला खरा कोणता ते गोल झाल्यावर कळतंय.” दोघेही हसलो.

दाजींना साष्टांग नमस्कार. त्यांना तोंड दाखवायला थोडा अवधी हवा.

तुझा,
रेणुकादास

ता. क. — दाजींना म्हणावे, मलप्पाचे डोळे बघा. मोतीबिंदूच असणार. डॉक्टरचे नाव काढले की तो उठून जातो, म्हणून ‘अक्काने जेवायला बोलावले आहे’ एवढेच सांगितले आहे.

ता. क. दुसरा — त्याला कालच्या मोटारीत बसवूनही दिले. पत्राआधी तोच पोचेल. दारात धिप्पाड माणूस लाजून उभा दिसला तर घाबरू नकोस, आत घे. डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत सोडू नकोस. तो कशाला गेला, हे गुरम्मावहिनींना अजून सांगायचे आहे. सकाळी गेलो होतो, पण त्यांनी पाट मांडला.