वाफेच्या पाइपावरची पट्टी

प्रिय आबा,

आपण घरी अहिराणीत बोलायचो, पण लिहायचं म्हटलं की मला शाळेतलंच मराठी येतं. आज सकाळी मिलमध्ये जाऊन आले. तिथे जे कळलं ते आईला सांगवत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

लॅबमध्ये मी काय करते, हे तुम्ही किती वेळा विचारलंत! मी एकदाच सांगितलं, तेही घाईत. अणूइतक्या पातळ पापुद्र्यांची शाई करायची, ती प्लास्टिकच्या पट्टीवर चढवायची. पट्टीची एक बाजू तापली आणि दुसरी थंड राहिली की थोडी वीज तयार होते. तुमचा सगळा जन्म डाइंग मिलच्या बॉयलरवर गेलेला. तुम्ही लगेच म्हणालात, "इतली गरमी वाया जास, पोरी. लाव ना मन्हा पाइपले."

मी पट्टी आणि छोटं मीटर तुमच्या पाइपावर बसवून दिलं. आठवड्याने आले तर मीटर शून्यावर. तुम्ही पट्टीवरून उष्णता कोंडून ठेवणारं ग्लासवूल गुंडाळून तार आवळून टाकली होती. उघडा पाइप तुम्हाला कधी पाहवलाच नाही. पण दोन्ही बाजू सारख्याच तापल्यावर वीज कुठून येणार?

थंड बाजूचं मी तुम्हाला नीट समजावलं नव्हतं, चूक माझीच होती. तरी चिडले तुमच्यावर. "आबा, आता तिला हात लावू नका," म्हणाले. तुमच्या पाळीतले नामदेवकाका शेजारीच होते. ते हसून म्हणाले, घ्या, बॉयलर इन्स्पेक्टर घरातच निघाला. तुम्ही हसला नाहीत.

लॅबमधल्या सरांना मी सांगून टाकलं की मिलमधली चाचणी फसली. लॅबमध्येही धड काही होत नव्हतं. थर सुटायचे, तारांचे जोड निघायचे, आठवड्यात पट्टी मरायची. मग दोन महिन्यांनी तुम्हीच गेलात.

आज काकांनी तुमचा जेवणाचा डबा दिला. आत ती पट्टी होती. काका म्हणाले, मी रागावून गेले त्याच दिवशी तुम्ही ग्लासवूल सोडलंत आणि पट्टीच्या वरच्या बाजूला ओला फडका बांधलात. तो सुकू दिला नाहीत. बॉयलरचं प्रेशर लिहायचात तसा पाळीत दर तासाला मीटरचा आकडा लिहिलात, बॉयलरच्या खोलीच्या लोखंडी दारावर, आतल्या बाजूला, खडूने. फक्त खालची वीतभर जागा राहिली होती.

मी दार पाहायला धावले. नवा करडा रंग! तपासणी येणार म्हणून मागच्या आठवड्यात रंगवलं.

आबा, रोज एकत्र जेवत होतो आपण. एकदा तरी सांगायचं! काकांनी तुम्हाला म्हटलंही होतं, पोरीला सांग. तुम्ही म्हणालात, "दार भरू दे, मंग सांगसू." इतकी कसली वाट पाहायची? आणि मला तरी रोज समोर बसून एकदा विचारता आलं नाही?

दुपारी लॅबमध्ये पट्टी तापवून पाहिली. अजून वीज देते आहे. लॅबमधली माझी एकही पट्टी इतकी टिकली नव्हती. सरांना दाखवली, तर ते म्हणाले, मधल्या दिवसांचे आकडे कुठे आहेत? मी काय दाखवू त्यांना, रंगवलेलं दार? रंगाऱ्याचा राग येतो, तुमचा येतो, आणि फिरून माझाच येतो.

सोमवारी नवी पट्टी त्याच पाइपावर लावणार आहे. फडका काका भिजवतील, आकडे दारावरच लिहितील, आणि मी रोज जाऊन ते वहीत उतरवून घेईन. थंड बाजू कशाला लागते हे आज संध्याकाळी परत मिलमध्ये जाऊन त्यांच्याशेजारी बसून पूर्ण समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "पोरी, हात लावला तर चालेल ना?"

लावा, म्हटलं. यापुढे कुणालाही नको म्हणणार नाही, आबा.

तुमची,
मनीषा