मोटारवाली वहिनी आणि मी

धरणवस्ती, उजनी काठ
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. मल्लिनाथमामांस,
भाची ऋतुजाचा सा. न. वि. वि.

फोनवर मी जेवलात का विचारलं की तुम्ही सोमवारी म्हणता, म्हणून पुन्हा कागदच घेतला. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली, कान तिथंच राहिले. समोर बसलं तर माणसाच्या ओठांवरून तुम्ही सगळं ओळखता, पण फोनला ओठ नाहीत.

इकडे ठीक. सासऱ्यांचा, अप्पांचा, उजवा हात अजून उठत नाही. पण दुकानात खुर्ची टाकून बसतात आणि मी पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग भरत असले की नजरेनंच बरोबर-चूक सांगतात. ह्यांचा, युवराजांचा, ट्रॅक्टर कारखान्याला ऊस नेतोय.

काळजी एकच, मोटारी कमी येतात. अप्पांचे हात चालत होते तोवर धरणाच्या दोन्ही काठांवरून लोक जळालेल्या मोटारी घेऊन यायचे. आता बाईच्या हातात मोटार कशी द्यावी म्हणून तालुक्याला जातात. तिथल्या नव्या दुकानदाराचं मोबाइलवर पेज आहे, रोज व्हिडिओ टाकतो. दुकानात गर्दी असते म्हणे.

माझी नणंद संस्कृती सोलापुरात कॉलेजला आहे. ती म्हणाली की वहिनी, तू कामात त्याच्या दसपट हायस, पण तू हायस हेच कुणाला ठाऊक न्हाय. म्हणून तिनं माझं पेज काढलं, नाव 'मोटारवाली वहिनी'. शिवाय एक ब्लॉग. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही, ज्यात आपण आपल्याबद्दल लिहायचं आणि सगळ्या जगानं वाचायचं. मी विचारलं, जगाला काय करायचंय माझं. ती नुसती हसली. मला काही कळेनासं झालंय. तुम्ही बघून सांगा.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची ऋतुजा


कुंभारी, सोलापूर
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. ऋतुजा हिस मल्लिनाथमामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. शेजारच्या शांतम्माकडे जाऊन तिच्या मोबाइलवर तुला पाहिलं. नऊवारी, नाकात नथ, आणि पुढ्यात मोटार. मला वाटलं कुणाच्या लग्नात मोटार बिघडली की काय. तुझी मामी म्हणाली की पोरगी गोड दिसतीय, गप बसा.

शांतम्माला गाणं ऐकू आलं, मला आलं नाही. त्यामुळं मी नुसते हात बघत बसलो. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या दुकानात आठ दिवस मुक्कामाला होतो. तेव्हा तू आधी मोटारीच्या प्रत्येक खाचेत कागद बसवायचीस आणि मग तांब्याची तार भरायचीस. मी विचारलं तर म्हणाली होतीस की कागद नसला तर तार लोखंडाला लागते आणि मोटार पहिल्याच दिवशी जळते. व्हिडिओत कागद नव्हता. तार सरळ खाचेत जात होती. तुझ्या हाताला असं करताना मी कधी पाहिलं नाही. माझी नजर चुकली असेल तर कळव.

ब्लॉगचं पान शांतम्माच्या सुनेनं छापून आणून दिलं. त्यात लिहिलंय की, "मी एकटी होते. माझ्या पाठीशी कुणीही उभं नव्हतं." हे वाचून मी कागद उलटा केला, मागे काही लिहिलंय का बघायला. अप्पांनी तुला डाव्या हातानं धरून शिकवलं, ते कुठं गेलं? त्या पानावर जी मी मी म्हणते ती कोण आहे, बाळ? रागावलो नाही. गोंधळलोय.

माझा आशीर्वाद मागावा लागत नाही, तो असतोच.
तुझा मामा


धरणवस्ती
४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांस, सा. न. वि. वि.

तुमची नजर चुकली नाही. ती जुनी भंगार मोटार होती, नुसती दाखवायला. कागद बसवायला अर्धा तास जातो, तेवढ्यात बघणारे निघून जातात असं संस्कृतीचं म्हणणं. कामाच्या मोटारीत मी कागद कधीच चुकवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

'एकटी होते' हे तिनं लिहिलं. मी वाचलं तेव्हा ते आधीच जगभर गेलं होतं. युवराजांनी ते अप्पांना वाचून दाखवलं. अप्पा दुसऱ्या दिवशी दुकानात आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. मी संस्कृतीला फोन करून ते काढ म्हणून सांगितलं. ती म्हणाली की वहिनी, त्याच ओळीवर लोक रडलेत, तीच ओळ सगळ्यांनी पुढं पाठवलीय. अप्पांबद्दल नंतर वेगळं लिहू की.

एकतीस हजार लोक मला ओळखतात आता. पुण्याहून दोन बायका गाडी करून आल्या, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले, तांब्याची तार गळ्यात घालून बघितली आणि गेल्या. पण महिनाभरात मोटारी किती आल्या विचाराल तर पूर्वीपेक्षा दोन कमी. गावातल्या एकानं तर सांगितलं की आता तू मोठी झालीस, आमच्या फुटक्या मोटारीला तुला कुठला वेळ.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. मला ते आवडतंसुद्धा. स्वयंपाक करताना मधेच हात पुसून बघते, किती जणांनी पाहिलं. परवा संस्कृतीनं नवा लेख टाकला, मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही तेव्हा घरच्या घरी काय बघायचं यावर. माहिती मीच फोनवर सांगितली होती. वर माझा फोटो आहे, बाह्या दुमडलेल्या, हात काळे. तो फोटो मी वीस वेळा पाहिला असेल. ही मी आहे आणि नाहीही, असं काहीतरी होतं. तुम्हाला असं कधी झालं होतं का?

उत्तराची वाट बघते. चुकलंमाकलं पदरात घ्या.
ऋतुजा


कुंभारी
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ऋतुजा हिस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नंतर देतो. आधी हे वाच, बसून वाच.

अक्कलकोटकडे माझ्या आजोळाशेजारच्या वस्तीवर निंगव्वा नावाची बाई आहे. मेंढरं आहेत, विहिरीवर थोडी ज्वारी. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. तिची मोटार गुणगुणायला लागली. तिच्या लेकीनं तुझा तो लेख मोबाइलवर मराठीतून वाचला आणि आईला कानडीत सांगितला. निंगव्वानं सांगितलं तसं केलं. फ्यूज काढला, पेटी उघडली, आतल्या कंडेन्सरला हात लावला. करंट बसून ती मागं फेकली गेली आणि विहिरीच्या दगडी कट्ट्यावर पडली. चार बोटं पलीकडं पडली असती तर विहिरीत गेली असती. मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय.

माझा मावसभाऊ काल सांगून गेला. मी त्याला तीनदा ओठ हलवायला लावले, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचतोय.

तिनं भांडण काढलेलं नाही. तिला फक्त एक निरोप द्यायचाय. तो असा की त्या बाईला विचारा, लिहिलं होतं तसंच मी केलं, मग माझं काय चुकलं.

तू ये. मी बरोबर येतो, तुला कानडी येत नाही. उशीर करू नकोस.
मामा


धरणवस्ती
१४ मार्च २०२५

ती. स्व. मामांस, सा. न. वि. वि.

अक्कलकोटकडून परतल्यावर चार दिवस पेन उचलवलं नाही. तुम्ही निंगव्वाच्या परत आलेल्या नवऱ्याबरोबर कोकरं बघायला गेलात, तेव्हाचं तुम्हाला ठाऊक नाही, ते लिहिते.

तिची लेक मध्ये बसून सांगत होती. मी सगळं कबूल केलं. फ्यूज काढला तरी मोटार फिरती करून देणाऱ्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, तो आधी उतरवून घ्यावा लागतो, हे मी संस्कृतीला फोनवर सांगितलं होतं. लेख लांब होतोय म्हणून तिनं ते वाक्य गाळलं. पण मामा, लेख माझ्या नावावर होता. मी फोटो वीस वेळा बघितला आणि खालचं शेवटपर्यंत एकदाही वाचलं नाही. हेही तिला सांगितलं. तेवढं सांगायला सगळ्यात जड गेलं.

निंगव्वा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग लेकीनं सांगितलं की आई म्हणतीय, लेखावर तिचा विश्वास नव्हता, फोटोतले हात काळे दिसले म्हणून विश्वास बसला. नुसती नटलेली बाई असती तर तिनं पेटीला हात लावला नसता. ती मला तंगी म्हणत होती. तुम्हीच मागाहून सांगितलंत की तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला वाटलं होतं पैशाची तंगी सांगतीय.

तिची मोटार मी तिथंच दुरुस्त केली ते तुम्ही बघितलंच. मधेच ती एका हातानं पाना धरायला पुढं झाली, तेव्हा मला रडू आलं, म्हणून मी मान खाली घातली होती. तुम्ही विचारलंत, डोळ्यात काय गेलं.

घरी येऊन मी स्वतः लिहायला बसले. काय चुकलं, कुणामुळं, आणि करंट कसा उतरवायचा. अप्पांनी शिकवलं हेही लिहिलं. आधी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी एका ठिकाणी थांबवलं आणि म्हणाले की शिकवलं लिहितेस तर शिव्या दिल्या तेही लिही की. ते लिहिलं. संस्कृती टाकायला तयार नव्हती. पेज मरेल म्हणाली, रडली, मग टाकलं.

आता पुढचं ऐका. तो माफीचा लेख आजवरच्या सगळ्यापेक्षा जास्त लोकांनी वाचला. काहींनी घाण शिव्या दिल्या. पण बाकीच्यांनी लिहिलं की किती ही प्रामाणिक बाई, अशीच माणसं पाहिजेत. पेज दुपटीनं वाढलं. संस्कृतीचा फोन आला की वहिनी, आता निंगव्वाचा व्हिडिओ घेऊ, प्लास्टरसकट. मी फोन ठेवून दिला.

मामा, मी माफी मागितली की जाहिरात केली? लिहिताना मनात फक्त निंगव्वा होती, शपथेवर सांगते. पण आकडे वाढताना बघून मला बरं वाटलं, तेही खरं आहे. आता खरं कुठलं, तेच उलगडत नाही. काल समोरच्या काठावरचा एक शेतकरी पहिल्यांदाच मोटार घेऊन आला. म्हणाला की चुकलं म्हणणारी बाई हितंच बसती का. मी व्हय म्हणाले आणि मला लाज वाटली.

दोन शब्द लवकर पाठवा.
ऋतुजा


कुंभारी
२५ मार्च २०२५

चि. सौ. ऋतुजा हिस भरभरून आशीर्वाद. वि. वि.

जाहिरात की माफी, हे मला विचारू नकोस. मी तुझ्यापेक्षा जास्त गोंधळलेला माणूस आहे. शांतम्मानं मला तुझा नवा लेख दाखवला आणि खालची वाक्यं वाचून सांगितली, तेव्हा माझीही छाती फुगली आणि लगेच निंगव्वाचं मनगट आठवलं. दोन्ही एकाच वेळी झालं. म्हाताऱ्याचं असं होतं तर तुझं होणारच.

मागं तू विचारलं होतंस, मला असं कधी झालं का. झालं होतं. लूमवर असताना एकदा मालकानं माझा फोटो छापून भिंतीला लावला, उत्तम कामगार म्हणून. त्या आठवड्यात मी फोटोतल्या माणसासारखा ताठ उभा राहायचो आणि धागा तुटलेला मला दिसायचा नाही. दोन चादरी वाया गेल्या. मग मी फोटोकडं बघणं सोडलं. तुझ्या फोटोला मात्र भिंत नाही, तो तुझ्या खिशातच असतो. त्याला काय करायचं ते मला सुचत नाही.

पण एक सांगतो. निंगव्वाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतं. तिचा व्हिडिओ घ्यायला मी कुणाला जाऊ देणार नाही, संस्कृतीला तसं कळव. पोरीवर जास्त रागावू नकोस. तिनं तुझं भलंच बघितलं होतं, फक्त मोटार कधी उघडून बघितली नव्हती.

मामीनं शेंगाची चटणी पाठवलीय, एसटीतून मिळेल. डब्बा परत कर.
तुझा मामा


धरणवस्ती
२० एप्रिल २०२५

ती. स्व. मामांस, सा. न. वि. वि.

चटणी पोचली, डब्बा युवराज घेऊन येतील.

संस्कृती सुट्टीला आली होती. मी तिला दुकानात बसवून आठ दिवस खाचांचे कागद कापायला लावले. पहिल्या दिवशी तिची बोटं कापली, तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं की हे रोज एवढं असतं का. अप्पा हसले. मग तिनं स्वतःहून कंडेन्सरचा लेख पुन्हा लिहिला, एकही वाक्य न गाळता. मी शेवटपर्यंत वाचल्यावरच टाकला. 'एकटी होते' ती ओळही तिनं काढली. नवा लेख लई लांब झाला आणि कुणी वाचला नाही. अठ्ठावन्न जणांनी बघितला. आठवड्यात चारेक हजार लोक पेज सोडून गेले. मोटारी मात्र येतायत. कशामुळं येतायत, उन्हाळा आहे म्हणून की पेजमुळं की माफीमुळं, ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही.

काल सकाळी एक गोष्ट झाली, त्यासाठी हे पत्र. निंगव्वाच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. त्या अठ्ठावन्नातली एक ती होती. पडद्यावर निंगव्वा मोटारीच्या पेटीपुढं बसलेली, मनगटाला पट्टी. मोटार पुन्हा गुणगुणत होती. काढलेला फ्यूज तिनं मला उंच धरून दाखवला. पेटीला हात लावला नव्हता. लेक म्हणाली की आई म्हणतीय, आता तंगी सांगेल तेव्हाच.

माझे हात दुसऱ्याच्या मोटारीत अडकलेले, फोन अप्पांनी डाव्या हातानं धरलेला. मी एकेक सांगत गेले, लेक कानडीत म्हणत गेली. होल्डरमध्ये बल्ब बसवून त्याच्या दोन्ही तारा कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना टेकवायला सांगितल्या. बल्ब क्षणभर पेटला आणि विझला. साठलेला करंट उतरला होता. मग तिनं कंडेन्सर हातात घेतला आणि हसली. दुपारी त्यांच्याकडच्या बाजारातून नवा आणला, पुन्हा फोनवर माझं ऐकत बसवला. पाणी पडल्याचा आवाज आम्हाला दुकानात ऐकू आला.

संध्याकाळी संस्कृतीला सांगितलं तर तिनं पहिल्यांदा विचारलं की रेकॉर्ड केलंस का. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती हळहळली. मलाही थोडं वाटलं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

अप्पांचा तुम्हाला नमस्कार. लोभाला उणं पडू देऊ नका.
तुमची,
ऋतुजा