बारीक जाळी

मंगळवार, संध्याकाळ

भंगार प्लास्टिक वितळवून दाणे करणाऱ्या आमच्या कारखान्यात पत्रव्यवहार आणि खरेदी माझ्याकडे. वितळलेलं प्लास्टिक गाळून पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रासाठी आज मीच बारीक जाळी निवडली आणि शेठजींसमोर विद्वत्ता पाजळली, "हिच्यातून पापसुद्धा पुढे जाणार नाही!" ते हसले. लगेच भंगारातली घाण वेचणाऱ्या बारकीबाईला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

खडे-माती आधी वेचली नाही तर बारीक जाळी तासाभरात तुंबते. हे मला चांगलं ठाऊक होतं. मग बोललो का नाही? कौतुक चाललं होतं ना माझं! पापसुद्धा म्हणे.

डबा उचलून निघताना ती म्हणाली, "पंडितजी, तुमची जाळी माझ्यापरीस शानी हाय का?" मी हसलो. हसलो चक्क!

घरी आल्यावर शेठजींना फोन करून खरं काय ते सांगितलं. "मग बोलवा की तिला," ते म्हणाले, "त्यात काय एवढं?"

बोलवू कसं? तिच्याकडे फोन नाही. गणेशपुरीकडच्या एसटीने येते, एवढंच माहीत. रोज तिची थट्टा करतो मी, पण बाई, तुझा पाडा कुठला, हे कधी विचारलंच नाही.